रात्रीची लाईट

दारामागं कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरच्या खाली, खळीनं भिंतीला चिकटवलेला वहीचा एक कागद. त्यावर शाळकरी अक्षरात वार आणि तास लिहिलेले. काही वार दिवसाचे, काही रात्रीचे. रात्रीच्या वारांभोवती लाल पेनानं गोल काढले होते.

"शेतातल्या लाईटीचं टायमिंग आहे ते," घरची सून म्हणाली. "लाल असलं की त्या दिवशी भाकरी दोनदा थापायच्या."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'उजेड' हा विषय कळवला आणि वीज आल्यानं घराचं काय भलं होतं ते एखाद्या गावात राहून बघा, असं सुचवलं. मी बल्ब, पंखे आणि मीटर मोजायच्या तयारीनं गेले होते. या घरात वीज मला पहिल्यांदा भेटली ती भाकरीच्या हिशेबात. रात्रीची पाळी असली की घरधनी जेवून, टॉर्च आणि काठी घेऊन अकराच्या सुमाराला शेतात जातो. पहाटे भूक लागते म्हणून सोबत फडक्यात दोन भाकरी, ठेचा. तो पोचल्याचा फोन करेपर्यंत सासूचा डोळा लागत नाही. तुषार सिंचनाचे पाईप दर दोन-तीन तासांनी उचलून पुढच्या पट्ट्यात टाकावे लागतात आणि ते एकट्याला जमत नाही, म्हणून आठवड्यातून एखाद्या रात्री सूनही जाते. सकाळी तो झोपतो. तिला झोपता येत नाही, कारण सात वाजता नळाला पाणी येतं आणि आठला पोरांचा डबा.

गाव नायगाव तालुक्यातलं. सावित्रीबाईंचं नायगाव साताऱ्याकडचं, ते वेगळं. हे नांदेड जिल्ह्यातलं, सरकारदप्तरी नायगाव (खैरगाव), नांदेडहून देगलूरमार्गे तेलंगणात उतरणाऱ्या रस्त्यावरचं. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. बारूळच्या निम्न मानार धरणाचा कालवा काही गावांना भिजवतो. बाकीच्यांची भिस्त विहिरीवर आणि बोअरवर, म्हणजे पर्यायानं विजेवर. पिकं सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, जिथं पाणी आहे तिथं हळद आणि ऊस. मी गेले तेव्हा श्रावणात पावसानं ओढ दिलेली होती आणि सोयाबीन ऐन शेंगा भरण्यात होतं. गावाचं आणि माणसांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी मला चुलीपर्यंत जाऊ दिलं, बिलं दाखवली. त्याचा त्रास त्यांना होऊ नये.

आधी विहिरीला, मग घराला

पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांना मी विचारलं, गावात लाईट कधी आली. त्यांनी उलट विचारलं, "कुठली? विहिरीची का घरची?"

मराठवाड्यातल्या विजेची सगळी कहाणी त्या प्रश्नात आहे. निजामाच्या राज्यात वीज ही शहरापुरती गोष्ट होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि महाराष्ट्र झाल्यावर जून १९६० मध्ये राज्याचं वीज मंडळ उभं राहिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत पूर्णेवर येलदरीचं २२.५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, परळीत औष्णिक केंद्राचा पहिला संच लागला. देश तेव्हा धान्यासाठी बाहेर हात पसरत होता. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या कर्जातून खांब निघाले ते शेताकडे. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. विहीर खोदा, मोटार बसवा, हा त्या दशकाचा मंत्र होता. मामांच्या शेतात तीन एचपीची मोटार फिरली तेव्हा त्यांच्या घरात चिमणी जळत होती, आणि पुढची कित्येक वर्षं जळत राहिली.

याचा अर्थ असा की ज्याला विहीर त्याच्याकडं खांब. गावठाणातल्या मोठ्या वाड्यांना त्याच तारेवरून लवकर लाईट मिळाली. गावाबाहेरच्या वस्तीला, तांड्याला, ज्यांच्या नावावर शेतच नव्हतं त्यांना फार उशिरा. १९८८-८९ मध्ये 'कुटीर ज्योती' आली, गरिबाच्या घरी एक दिवा. एकच. तो बहुतेक घरांत देवळीपाशी लागला किंवा बाहेरच्या खोलीत. चूल आत अंधारातच राहिली. एखाद्या गावाचं 'विद्युतीकरण झालं' असं म्हणायला गावातल्या शंभरातल्या दहा घरांत वीज असली तरी पुरे, ही व्याख्या २००४ ची आहे, आणि ती आधीच्यापेक्षा कडक होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या शंभरातल्या साधारण ७४ घरांत दिव्यासाठी वीज होती. उरलेल्यांतल्या शेवटच्या घरांपर्यंत पोचायला 'सौभाग्य' योजना यावी लागली, ती सप्टेंबर २०१७ मध्ये. त्यात गरीब घराला जोडणी फुकट आणि इतरांना ५०० रुपयांत, तेही हप्त्यानं. या गावच्या वस्तीत मी पाहिलेली निम्मी मीटरं त्या काळातली आहेत. मीटरच्या पेटीवर अजून तेव्हाचा स्टिकर आहे, उन्हानं पांढरा पडलेला.

जातं आणि घरघंटी

सासूबाईंनी आपला उजवा खांदा मला दाबून बघायला लावला. हाडाच्या वर एक गाठ. "हे जात्याचं हाय, माय." त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात नऊ माणसं होती आणि दोन्ही वेळची भाकरी ज्वारीची. नऊ माणसांचं पीठ म्हणजे रोज दोन तास जातं, पहाटे तीन-साडेतीनला उठून. दळताना ओव्या म्हणत, हे आपण पुस्तकांतून वाचतो आणि हळवे होतो. सासूबाईंना ओव्या येतात. पण जातं परत आणू का म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला प्रश्न विचारल्याची लाज वाटली.

जातं थांबवलं ते आधी डिझेलच्या गिरणीनं. ती शेजारच्या मोठ्या गावात होती, डोक्यावर डबा घेऊन जायचं, इंजिन बंद असलं की तसंच परत यायचं. मग गावात विजेची गिरणी आली. माझ्या मते नांदेड-लातूरकडच्या बाईच्या आयुष्यात विजेनं केलेला सगळ्यांत मोठा फरक तो आहे, बल्बपेक्षाही मोठा. बल्बनं तिला उजेड दिला. गिरणीनं तिला रोजचे दोन तास आणि एक खांदा परत दिला. मिरची कांडायची गिरणी आली, तिनं उन्हाळ्यातले खोकल्याचे आठ दिवस वाचवले.

आता या घरात घरघंटी आहे. एक एचपीची, लाकडी पेटीतली. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून अशा चक्क्या अनुदानावर मिळतात, तशी बचत गटातल्या एका बाईला मिळालेली पाहून सुनेनं स्वतःच्या पैशानं घेतली. गावातली मोठी गिरणी थ्री फेजवर चालते, घरघंटी साध्या सिंगल फेजवर. तासभर चालली तर पाऊण युनिट जळतं. शेजारच्या आठ-दहा घरांचं दळण ती दळते. आलेल्या पैशातून घरचं वीजबिल निघतं आणि वर थोडं उरतं. ते उरलेलं कुठं ठेवते हे तिनं मला दाखवलं, नवऱ्याला दाखवलेलं नाही.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या खेड्यांत वर्णभेद संपल्यावर वीज नेली गेली, तिचा अभ्यास टेरीन डिंकेलमन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वीज पोचलेल्या वस्त्यांत काम करून कमावणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे नऊ टक्क्यांच्या अंतरानं वाढलं होतं. सरपण, चूल, पाणी यांत जाणारा वेळ सुटला आणि बायका बाहेर पडल्या. नायगावातही बायका बाहेर पडल्या. पण कुठं? सुटलेल्या दोन तासांतून सून सकाळी नऊला दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. मजुरी मिळते, ती तिच्या हातात येते, हे चांगलंच आहे. मात्र जात्यावरून उठलेली बाई आता कधी बसते, हे मी तिला विचारलं तेव्हा तिला उत्तर आठवावं लागलं. वीज तास मोकळा करते. तो कुणाचा, हे घर ठरवतं.

नऊ वॅट

रॉकेलची चिमणी साधारण दहा ल्युमेन उजेड देते. ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सातशेच्या आसपास. आणि २०१५ पासून 'उजाला' योजनेत स्वस्त झालेला नऊ वॅटचा एलईडी जवळजवळ नऊशे. नव्वद चिमण्या एका खोलीत लावल्या तर होईल तेवढा उजेड, धूर नाही आणि वात कापायला नको. तो रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही जळत नाही.

घरातली मुलगी बारावीला आहे. तिनं अभ्यासाची जागा दाखवली. आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीला टेकून बसायचा पाट, वर बल्ब. तिची आत्या याच कोठीपाशी चिमणीवर दहावीचा अभ्यास करायची. कपाळावरचे केस जळायचे, सकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. आत्या दहावीला बसलीच नाही, त्याला अनेक कारणं होती, चिमणी त्यांतलं एक.

नाकातला काळा शेंबूड हा विनोदाचा विषय नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये मॅन्युएल बॅरन आणि मॅक्सिमो टोरेरो यांनी घरांत रात्रभर हवा मोजली. वीज घेण्यासाठी ज्या घरांना सवलत मिळाली होती, तिथं श्वासात जाणारे बारीक कण जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी निघाले, लहान पोरांचे छातीचे आजार घटले. फक्त रॉकेलचा दिवा विझल्यानं. आपल्याकडं त्यात रॉकेल सांडून पेटलेली लुगडी, उलटलेल्या स्टोव्हचे भडके, जिल्हा रुग्णालयातले जळीत कक्ष धरायला हवेत. तो हिशेब कुणी मांडून दाखवला नाही तरी प्रत्येक गावाला आपापलं एक तरी नाव आठवतं.

चूल मात्र आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर या घरात गॅस आला. चहा, डाळ, पाहुणा आला तर पोहे गॅसवर होतात, पण भाकरी चुलीवरच, कारण सिलिंडर पुरवायचा असतो. वीज आपसूक चुलीचा धूर काढत नाही. स्वयंपाकघरात एक बल्ब लागला, त्यानं धूर आता दिसतो एवढंच. सुनेनं गेल्या वर्षी पत्र्याला भोक पाडून तिथं एक छोटा पंखा बसवून घेतला, धूर बाहेर ओढणारा. "त्यानंच खरं बरं झालं बगा," असं ती म्हणाली. कुठल्याही योजनेत हा पंखा मला सापडला नाही.

डीपीवर काय होतं

गावाच्या शिवेवर दोन खांबांच्या मध्ये उंचावर डीपी बसवलेली आहे. कागदावर रोहित्र, गावात डीपी. ३३ केव्हीच्या उपकेंद्रातून ११ केव्हीची लाईन इथवर येते, डीपीत ती घरच्या २३० व्होल्टपर्यंत उतरते. वायरमन मला तिथं घेऊन गेला. त्यानं पेटी उघडली तेव्हा आत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातलेली होती. "फ्यूज रोज जातो, मग लोक तार घालतात. तार जात नाही, डीपी जाते."

असं का होतं, ते त्यानं समजावलं. शेतातल्या बहुतेक मोटारींना ऑटो स्टार्टर लावलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. शेतकऱ्याला रात्री उठावं लागू नये म्हणून ही सोय. पण पाळी सुरू झाली की त्या एका क्षणी वीस-पंचवीस मोटारी एकदम उचल घेतात, आणि सुरू होताना मोटार तिच्या नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. कॅपॅसिटर लावला तर ताण कमी होतो. तो महाग नसतो, पण कुणी एकट्यानं लावून उपयोग नाही, सगळ्यांनी लावला तरच. त्यात आकडे टाकून चालणाऱ्या मोटारी. व्होल्टेज पडतं, लाईनच्या टोकाला असलेल्याची मोटार गुरगुरते, गरम होते आणि जळते. मग ती भरायला नायगावला किंवा नरसीला न्यायची, तीन-चार दिवस, काही हजार रुपये. आणि डीपी जळाली तर? नियमानं ग्रामीण भागात ती ४८ तासांत बदलून मिळायला हवी. ती किती दिवसांनी मिळाली याच्या कहाण्या मी दिवसभर ऐकल्या. ट्रॅक्टर स्वतः करून, वर्गणी काढून डीपी आणल्याच्याही.

घरातल्या लाईटीचा शेतातल्या लाईटीशी काय संबंध, असं शहरातला माणूस विचारेल. आता फारसा नाही, हीच गेल्या वीस वर्षांतली मोठी सुधारणा आहे. पूर्वी गावठाण आणि शेत एकाच फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या एकाच लाईनवर असे. २००५ नंतर राज्यात विजेचा मोठा तुटवडा पडला. दाभोळचं वीजकेंद्र २००१ मध्ये बंद पडलं होतं, मागणी वाढत होती, नवं केंद्र नव्हतं. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास अंधार असे. भारनियमनाचे गट पाडले ते गळती आणि वसुलीवर, म्हणजे ज्या फीडरवर चोरी आणि थकबाकी जास्त त्याला जास्त तास अंधार. वेळेवर बिल भरणारी विधवा बाई जर तशा फीडरवर असली तर तिलाही तोच अंधार. या अन्यायाबद्दल तेव्हा पुरेसं कुणी बोललं नाही, असं मला आजही वाटतं.

त्या काळात दोन उपाय निघाले. एक, 'अक्षय प्रकाश'. संध्याकाळी गावानं ठरवून मोटारी बंद ठेवायच्या, बदल्यात घरांना लाईट. वायरमन म्हणाला की दोन वर्षं गावानं पाळलं, सरपंच स्वतः रात्री शिवारात फिरायचे. दुसरा उपाय सिंगल फेजिंग. लाईन अशी सोडायची की घरातला बल्ब लागेल पण थ्री फेज मोटार फिरणार नाही. त्यावर लोकांनी कॅपॅसिटर जोडून सिंगल फेजवर मोटारी चालवल्या आणि घरातले बल्ब पुन्हा मंद झाले. शेवटी गावठाण फीडर वेगळे काढले, तेव्हा कुठं घरात लाईट राहू लागली. २०१३ मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, तेव्हा बातमी ऐकून सासूबाईंनी चिमणी घासून ठेवली होती. ती अजून माळ्यावर आहे.

भारतातल्या घरांचा अभ्यास करून जागतिक बँकेच्या शाहिदुर खांडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लिहिलं की विजेनं उत्पन्न, खर्च, मुलींची शाळा सगळं वाढतं, पण जिथं वीज सारखी जाते तिथं फायदाही तसाच गळतो. नायगावात या वाक्याचा अर्थ असा, की ज्या घराला चोवीस तास भरवशाची लाईट आहे तिथं फ्रिज येतो, दूध नासत नाही, शिवणयंत्राला मोटार लागते. ज्याला भरवसा नाही तो फ्रिज घेतच नाही. मीटर दोघांकडं सारखंच.

टाकी

सकाळी सात वाजता नळाला पाणी येईल म्हणून बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. आलं नाही. टाकीत पाणी चढवणारी मोटार रात्री चाललीच नव्हती. पावणेनऊला आलं, तोवर सुनेसोबत कामाला जाणाऱ्या बायकांची टोळी निघून गेली होती. त्या दिवसाची मजुरी बुडाली.

गावच्या नळयोजनेचा श्वास विजेच्या तारेत आहे, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. विहीर गावापासून लांब, मोटार तिथं, तिला स्वतःचं मीटर, बिल ग्रामपंचायतीच्या नावे. पाणीपट्टी वसूल झाली नाही की बिल थकतं. बिल थकलं की जोडणी तुटते, आणि हंडा पुन्हा डोक्यावर. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली तेव्हा सरपंच रस्त्यावर आले होते. पथदिवे गेले तर बाई रात्री बाहेर पडत नाही. पाणी गेलं तर तिला पहाटे बाहेर पडावंच लागतं. जलजीवन योजनेचे निळे पाईप आता प्रत्येक दारात आलेत. त्या पाईपातून पाणी यायचं तर मोटारीचं बिल कोण भरणार, हा प्रश्न निविदेत नसतो. वसुलीवरून मला कुणावर दोष ढकलायचा नाही. ज्या घरात महिन्याला दळणाच्या पैशातून वीजबिल निघतं, त्या घराला पाणीपट्टी ही दुसरी लढाई आहे.

ओली तार

पत्र्याच्या घरात वायर पत्र्याला घासते. तिचं आवरण उन्हानं तडकतं, पावसात पत्रा भिजतो, आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्याच खांबाला बांधलेली असते. ओलं लुगडं टाकायला हात वर गेला की करंट. मराठवाड्यातल्या पावसाळ्यात या एका प्रकारानं किती माणसं गेली ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज तीन-तीन ओळींत सापडतं. बहुतेकदा बाई जाते, आणि तिला ओढायला गेलेलं तिचं माणूस.

मी गावातल्या दहा घरांत अर्थिंग बघायला मागितलं. तीन घरांत ते होतं, त्यांतल्या एकात खड्डा कोरडा. त्यात कोळसा आणि मीठ भरायचं, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतायचं, एवढंच काम असतं. गळतीचा करंट ओळखून क्षणात लाईट तोडणारा स्विच मिळतो, तो एकाही घरात नव्हता. नव्या जोडणीत सरकारनं खांब दिला, वायर दिली, मीटर दिलं, एक एलईडी दिला. हा स्विच दिला असता तर किती जीव वाचले असते, हे मला रात्रभर सतावत राहिलं.

आणि शेतातली रात्र वेगळीच. ओल्या मातीत अनवाणी पाय, स्टार्टरची पेटी गंजलेली, गवतात साप. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या अपघात योजनेत विजेचा धक्का आणि सर्पदंश दोन्ही येतात, मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. घरधन्याला ती रक्कम पाठ होती. "सगळ्यांना पाठ असती, ताई. जाताना मनात येतंच की."

फुकट कुणाला

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकार भरतं. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना त्याचा लाभ असल्याचं सांगितलं जातं. या घराला तो मिळतो, त्यांचं ओझं कमी झालं, याचा मला आनंद आहे.

मग मी वस्तीतल्या एका घरी गेले. शेत नाही. नवरा-बायको दोघं मजुरीला, दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घर दहा बाय बारा, दोन बल्ब, एक टेबलफॅन, मोबाईलचा चार्जर. बिल तिनं देवाच्या फोटोमागं जपून ठेवलेलं. पाच एचपीची मोटार एका पाळीत आठ तास चालली तर जवळजवळ तीस युनिटं होतात. तेवढ्यात या बाईचा एक नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावून बावीस महिने चालेल. त्या तीस युनिटांचं बिल शेतकऱ्याला येत नाही. या बाईला दर महिन्याला येतं, आणि ऊसतोडीवरून सहा महिन्यांनी परतल्यावर स्थिर आकार साठून राहिलेला असतो. भरला नाही तर मीटर निघतं, पुन्हा जोडायला पैसे.

शेतकऱ्याचं काढून हिला द्या, असं मी म्हणत नाही. विजेची सवलत अजूनही विहिरीच्याच वाटेनं जाते, पन्नास वर्षांपूर्वी खांब गेले तशी, हे मला खुपतं. जिच्याकडं विहीर नाही तिच्या एका बल्बासाठीही तेवढीच जागा असायला हवी.

फियोना बर्लिग आणि लुई प्रिओनास या दोघांनी आपल्याच देशातल्या २००५ च्या राजीव गांधी विद्युतीकरण योजनेचा अभ्यास केला. तीनशे लोकवस्तीच्या रेषेच्या अल्याडपल्याडची खेडी त्यांनी तुलनेला घेतली. आकाशातून रात्री दिवे वाढलेले दिसले, पण एवढ्या लहान वस्त्यांत रोजगार, मिळकत, घरातल्या वस्तू यांत जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. दोन हजारांच्या गावांत मात्र फायदा ठळक होता. या वस्तीत बसल्यावर ते आकडे खरे वाटतात. इथं वीज आली, पण तिच्यावर चालवायला काही नाही. घरघंटी घ्यायला पैसे नाहीत, आणि घेतली तर दळायला येणार कोण? सगळे ऊसतोडीला गेलेले असतात. तरी तिला विचारलं, लाईट नसती तर? ती थोडा वेळ गप्प बसली. "पोरीला रात्री बाहेर जायची भिती वाटत नाही आता. संडासात बल्ब हाय." अभ्यासाच्या कोणत्या रकान्यात हे उत्तर बसतं, मला माहीत नाही. मी ते सगळ्यात वर लिहिलं असतं.

दिवसाची लाईट

देगलूरच्या पुढं सीमा ओलांडली की तेलंगणा. तिथं १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज आहे. पाहुणेरावळे, लग्नसंबंध दोन्हीकडं असल्यानं इकडच्या बायकांना ते तपशिलासकट माहीत आहे. "माझी बहीण तिकडं दिली. तिचा नवरा रात्री घरी असतो," असं एकीनं सांगितलं. सीमेवरच्या काही गावांनी तेलंगणात जायची मागणी केली तेव्हा इकडं ती राजकारण म्हणून वाचली गेली. तिच्या तळाशी ही रात्र होती. चोवीस तासांची दुसरी बाजूही तिथं दिसली. मोटारी अखंड चालू लागल्या, बोअर खोल गेले, ऑटो स्टार्टर काढून टाका म्हणून सरकारला मोहीम काढावी लागली. रात्रीची लाईट शेतकऱ्याला नकोशी आहे, ती दिवसा आली म्हणजे पुरे. सगळे तेच म्हणाले.

महाराष्ट्रानं त्यासाठी सूर्याचा रस्ता धरला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरवर दिवसा सोडायची. या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, ३ मेगावॉटचा, २०२४ मध्ये चालू झाला. ज्यांना फीडर नको त्यांच्यासाठी सौरपंप आहेत. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के.

या घराच्या शेजारच्या भावकीत एक सौरपंप बसला आहे. तिथली बाई मला बांधावरून हाक मारून घेऊन गेली. पॅनेलवरची धूळ ती आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसते, कारण पाणी कमी फेकायला लागतं. ढग आले की मोटार मंदावते. सावली पडते म्हणून बांधावरचं बाभळीचं झाड तोडलं, त्याचं तिला वाईट वाटतं, शेळ्यांना शेंगा मिळायच्या. हे सगळं सांगून ती म्हणाली, "पण आमचा माणूस नऊला जेवून झोपतो. पोरं बापासंगं झोपायलेत आता."

मी राहिले त्या घरच्यांचा फीडर अजून सौरवर आलेला नाही. येणार आहे, असं उपकेंद्रावर सांगितलं.

शेवटच्या संध्याकाळी सुनेनं दारामागचा कागद नखानं खरवडून काढला. पाळी बदलली होती, पुढच्या आठवड्यात दिवसा. नवा कागद मुलीनं लिहून दिला, खळ ताटलीत तयार होती. जुन्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर दळणाचा हिशेब लिहायचा म्हणून तिनं तो घडी घालून घरघंटीखाली सारला. तेवढ्यात लाईट गेली. आम्ही सगळे जिथं होतो तिथंच बसून राहिलो. मुलीनं मोबाईलची बॅटरी लावून पुस्तक पुढं ओढलं. सासूबाई अंधारात म्हणाल्या, "गावाची गेली का आपलीच गेली, बघ गं." सून उंबऱ्यावर जाऊन गल्लीत दोन्हीकडं बघत उभी राहिली.